अंदमानची विसरलेली साडेतीन वर्षे

ग्रेट निकोबार बेटावरील बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे नगर यांच्या प्रकल्पाविषयी गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले व बोलले गेले. एका बाजूस देशाचे संरक्षण आणि व्यापार, दुसऱ्या बाजूस अरण्य, कासवे आणि आदिवासी, अशी त्या वादाची विभागणी होऊन बसली आहे. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. ज्या बेटांच्या 'मोक्याच्या स्थाना'चा एवढा घोष होतो, त्या बेटांचे स्थान एका परकीय सत्तेने एकदा खरोखरच ओळखले होते, ती बेटे युद्धकाळात ताब्यात घेतली होती आणि साडेतीन वर्षे भोगवटा करून मगच सोडली होती. या घटनेला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. स्वतंत्र भारताच्या आजच्या भूमीपैकी एवढा दीर्घ काळ जपानी सैन्याच्या अमलाखाली राहिलेला भाग हाच एक. असे असताना आमच्या सुशिक्षित वर्गाला त्या काळाची जेमतेम ओळख आहे, याचे आम्हांस नवल वाटते आणि खेदही वाटतो.

मराठी माणसाचा अंदमान १९११ साली सुरू होतो आणि १९२१ साली संपतो, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. सावरकर बंधू, नाशिकच्या खटल्यातील वामनराव जोशी, कोलू, काथ्या आणि सेल्युलर जेलच्या कोठड्या हे चित्र आमच्या मनावर कोरले गेले आहे, आणि ते कोरले जाणे योग्यच आहे. पिंपरी-चिंचवडहून दरवर्षी सहकुटुंब अंदमानास जाणारी मंडळीही ती कोठडी पाहतात, हात जोडतात, प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम पाहून गहिवरतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रस्नानास निघून जातात. त्याच तुरुंगात १९४२ ते १९४५ या काळात दुसऱ्या एका राज्यकर्त्याने आमच्याच माणसांचे जे हाल केले, त्यांची कथा ऐकण्यास त्यांना सवड नसते.

ती कथा थोडक्यात अशी. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून पडले. बंगालच्या उपसागरातील शक्तीचा तोल दोन-तीन आठवड्यांत पालटला. पोर्ट ब्लेअर येथे गुरखा पलटणीची जी लहानशी तुकडी होती, ती ब्रिटिशांनी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काढून घेतली. बेट राखणे शक्य नाही, हा त्यांचा हिशोब सैनिकी दृष्ट्या बरोबरच होता. तथापि सैन्य गेले, गोरे अधिकारी बहुतेक गेले आणि हजारो हिंदी रहिवासी मात्र जेथल्या तेथे राहिले. यांत कैद्यांच्या दोन-तीन पिढ्यांचे वंशज होते, शिक्षक, कारकून, पोलीस, दुकानदार, शेतकरी होते. २३ मार्च रोजी जपानी सैन्य उतरले तेव्हा त्याला कोणी अडविले नाही. चीफ कमिशनर वॉटरफॉल कैद झाले आणि सेल्युलर जेलची दारे उघडून कैदी सोडण्यात आले. मुक्तिदाते आले, असे त्या दिवशी अनेकांना वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही. ज्या तुरुंगाने त्यांची आयुष्ये गिळली होती, तोच त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामा होत होता.

हा भ्रम फार दिवस टिकला नाही. घरात घुसणाऱ्या सैनिकांवर झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने हवेच्या बंदुकीची गोळी झाडली. त्याला भर मैदानात, लोकांसमोर, हालहाल करून ठार मारण्यात आले. चीफ कमिशनरचे सचिव मेजर बर्ड यांचा हेरगिरीच्या आरोपावरून त्याच महिन्यात शिरच्छेद झाला. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना येण्यास एवढे पुरेसे होते.

जपानला ही बेटे कशासाठी हवी होती? अन्नासाठी नव्हे, लाकडासाठी नव्हे आणि तेथील माणसांसाठी तर मुळीच नव्हे. नकाशा उघडून पाहावा. ब्रह्मदेशाच्या दक्षिण टोकापासून सुमात्रापर्यंत समुद्रात जी तुटक साखळी दिसते, तीच ही बेटे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरणारे प्रत्येक गलबत या साखळीच्या नजरेखालून जाते. रंगूनला समुद्रमार्गे रसद पोचवायची तर ही बाजू सुरक्षित हवी, आणि कलकत्ता, मद्रास, सिलोनकडे टेहळणी करायची तर पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना पोर्ट ब्लेअरसारखे आडोशाचे बंदर हवे. अंदमान पडल्यावर पंधरवड्याच्या आतच, एप्रिल १९४२ च्या प्रारंभी, जपानी आरमाराने सिलोनवर हल्ला चढविला, उपसागरातील व्यापारी जहाजे बुडविली आणि विशाखापट्टण व काकिनाडा येथे बाँब टाकले. मद्रास शहर ओस पडू लागले. दूर मादागास्करही जपानच्या हाती लागेल या धास्तीने ब्रिटनने मे महिन्यात त्या फ्रेंच बेटावर स्वतःच सैन्य उतरविले. म्हणजे बेटे घेण्याची ही घाई एकट्या जपानची नव्हती. ज्याच्या हाती आरमार त्याला बेटावर पाय रोवावा लागतोच. ही गोष्ट आम्हा महाराष्ट्रीयांना तरी नवी नाही. मुंबईच्या तोंडावरील खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ साली तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही का खवळून उठले, आणि साष्टीसाठी चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांशी दोन वर्षे झुंज का दिली, हे ज्याला कळते त्याला पोर्ट ब्लेअरचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जाता जाता एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ज्याच्या नावाने पोर्ट ब्लेअर ओळखले गेले तो आर्चिबाल्ड ब्लेअर हा मुंबईच्या कंपनी आरमारातील अधिकारी. अंदमानची पाहणी करून १७८९ साली तेथे वसाहत घालण्यापूर्वी, १७८६ साली, त्याने दिएगो गार्सिया या बेटाचाही नकाशा केला होता. हिंदी महासागरातील ज्या दोन ठिकाणांची नावे आज संरक्षणाच्या चर्चेत सर्वाधिक येतात, ती दोन्ही मुंबईहून निघालेल्या एकाच माणसाने मोजली होती.

बेट जिंकणे सोपे, राखणे अवघड. आणि राखणाऱ्याच्या मनात एकदा भय शिरले की सर्वांत आधी बळी जातात ते रहिवासी. जानेवारी १९४३ मध्ये डेनिस मॅकार्थी हा अंदमानचा माजी पोलीस अधिकारी एका डच पाणबुडीतून मूठभर सोबत्यांसह रात्री किनाऱ्यावर उतरला आणि टेहळणी करून परत गेला. हेर खरोखरच येत होते, बातम्या खरोखरच बाहेर जात होत्या, जपानी जहाजे खरोखरच बुडत होती. जपानी अधिकाऱ्यांना खरे हेर सापडेनात, तेव्हा त्यांनी हाताशी सापडतील ते संशयित धरले. मारहाण, पाण्याचा छळ, जळत्या वस्तूंचे डाग यांतून कबुल्या मिळविल्या, आणि एकाच्या कबुलीत दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याच्या कबुलीत तिसऱ्याचे, अशी साखळी वाढत गेली.

या साखळीत सापडलेल्यांपैकी डॉ. दिवाण सिंग यांचे नाव प्रत्येक भारतीयाला ठाऊक असावे. व्यवसायाने वैद्य, वृत्तीने कवी, पंजाबी साहित्यात 'कालेपाणी' या टोपणनावाने प्रसिद्ध. बेटावरील हिंदी लोकांच्या संघटनेचे ते प्रमुख होते, आणि ही संघटना जपानच्या विरुद्ध नव्हे, जपानच्या संमतीने चालणारी होती. तरीही ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना पकडून सेल्युलर जेलमध्ये टाकण्यात आले. सुमारे तीन महिने छळ सोसून १४ जानेवारी १९४४ रोजी त्यांनी प्राण सोडला.

आता या तारखांकडे वाचकांनी नीट पाहावे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सुभाषबाबूंनी सिंगापुरात आझाद हिंद सरकारची स्थापना केली. नोव्हेंबरच्या प्रारंभी तोक्यो येथील परिषदेत जनरल तोजो यांनी अंदमान-निकोबार या सरकारच्या स्वाधीन करण्याचे घोषित केले. २९ डिसेंबरला नेताजी पोर्ट ब्लेअरला आले, रॉस बेटावरील चीफ कमिशनरच्या बंगल्यात उतरले आणि ३० डिसेंबर रोजी जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकविला. बेटांना 'शहीद' आणि 'स्वराज' ही नावे मिळाली. तो दिवस देशाच्या इतिहासात गौरवाचा आहे, यात शंका नाही. पण त्याच दिवशी, त्याच शहरात, दिवाण सिंग कोठडीत होते. नेताजींना सेल्युलर जेल दाखविण्यात आले, मात्र लोकांशी मोकळेपणी बोलण्याची संधी जपानी यजमानांनी त्यांना दिली नाही, असे त्या वेळच्या रहिवाशांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. ध्वजारोहणाला बरोबर एक महिना झाला, आणि ३० जानेवारी १९४४ रोजी हमफ्रीगंज येथे चव्वेचाळीस हिंदी नागरिकांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घालून खड्ड्यात ढकलण्यात आले. मृतांमध्ये बहुसंख्य लोक हिंदी स्वातंत्र्य संघाचे, म्हणजे नेताजींच्याच बाजूचे होते.

ही गोष्ट सांगितली की काहींना नेताजींचा अवमान झाल्यासारखा वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. हाती नाविक बळ नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नौकेतून जावे लागते आणि सुकाणू त्या दुसऱ्याकडेच राहते, एवढेच त्यातून दिसते. नेताजींनी गव्हर्नर नेमलेले लेफ्टनंट कर्नल लोगनाथन हे वैद्यकीय शाखेतील सज्जन अधिकारी. १९४४ च्या फेब्रुवारीत ते पोर्ट ब्लेअरला आले. त्यांच्या हाती पडले ते केवळ शिक्षणखाते. पोलीसखाते देण्यास जपानी आरमाराने साफ नकार दिला, आणि ते नसताना दुसरी खाती घेण्यात लोगनाथन यांनाही अर्थ दिसला नाही. पुढे लाल किल्ल्यातील खटल्यात बचावाचे साक्षीदार म्हणून उभे राहिल्यावर त्यांनी हे स्पष्टपणे सांगितले. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला तोड नाही. ज्या राज्याचा आपण गव्हर्नर होतो, त्या राज्यात लोकांना पकडणाऱ्याच्या हाताला आपण धरू शकत नव्हतो, हे त्यांनी न्यायासनासमोर मान्य केले.

१९४४ नंतर मित्रराष्ट्रांच्या पाणबुड्यांनी आणि विमानांनी बेटांची कोंडी केली. बाहेरून तांदूळ येणारी ही बेटे उपाशी पडली. धावपट्ट्यांसाठी सक्तीची मजुरी चालूच होती. कार निकोबारची धावपट्टी अशाच वेठबिगारीतून झाली, आणि आज आमचे हवाई दल वापरते तो तळ त्याच जागी उभा आहे. कार निकोबारमध्येही हेरगिरीच्या संशयाने निकोबारी माणसे मारली गेली. जॉन रिचर्डसन हे त्यांचे धर्मगुरू व पुढारी जपानी शिक्षेतून वाचले ते युद्ध संपले म्हणून. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत त्या बेटांचे प्रतिनिधी म्हणून पुढे तेच बसले. ऑगस्ट १९४५ मध्ये, पराभव समोर दिसत असता, 'निरुपयोगी तोंडे' कमी करण्यासाठी पोर्ट ब्लेअरमधील शेकडो भुकेकंगाल लोकांना नावांत भरून हॅवलॉक बेटाजवळ नेण्यात आले आणि समुद्रात लोटण्यात आले. पोहून किनाऱ्याला लागले त्यांपैकीही बहुतेक भुकेने मेले. ऑक्टोबर १९४५ मध्ये जपानी सेनानींनी शरणागती पत्करली आणि पुन्हा ब्रिटिश निशाण चढले.

जनगणना ही रुक्ष गोष्ट. पण कधी कधी ती अग्रलेखापेक्षा अधिक बोलते. १९४१ साली अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३३,७६८ होती, १९५१ साली ती ३०,९७१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना येथे ती घटली.

हे सारे आज कशासाठी उकरून काढावयाचे, असा प्रश्न कोणी करील. जपान आज आमचा मित्र आहे. चाकण-तळेगाव पट्ट्यात जपानी भांडवलाचे कारखाने आहेत, पुण्यातील मुलेमुली हौसेने जपानी शिकतात, आणि अंदमानातील वीजपुरवठा सुधारण्यासाठी जपाननेच २०२१ साली अनुदान दिले. या मैत्रीत कटुता कालविण्याची आमची तिळमात्र इच्छा नाही. नातवंडांना आजोबांच्या पापाचा जाब विचारू नये. आमची तक्रार आमच्याशीच आहे. २०१८ साली हॅवलॉकला 'स्वराज द्वीप' आणि नील बेटाला 'शहीद द्वीप' ही नावे दिली गेली, २०२४ साली पोर्ट ब्लेअरचे 'श्री विजयपुरम' झाले. नावे बदलली, समारंभ झाले. पण ज्या हॅवलॉकच्या पाण्यात शेकडो माणसे बुडविली गेली, त्याला 'स्वराज' म्हणताना ती माणसे कोणाच्या ओठांवर आली नाहीत.

आणि येथेच आजचा प्रश्न येतो. प्रारंभी सुमारे ७२ हजार कोटी रुपये खर्चाचा सांगितलेला ग्रेट निकोबारचा प्रकल्प मलाक्काच्या वाटेवरील गॅलेथिया उपसागरात प्रचंड बंदर बांधू पाहतो. त्यामागील विचार पोकळ नाही. आमच्या देशातील मालपेट्यांपैकी ज्यांना वाटेत जहाज बदलावे लागते, त्यांच्यातील बहुसंख्य कोलंबो, सिंगापूर, क्लांग या परक्या बंदरांत उतरतात आणि त्याचा आकार आम्ही भरतो. दक्षिण टोकावर आरमाराचा पाय भक्कम असावा, हेही आम्हांस मान्य आहे. कॅम्पबेल बे येथे २०१२ सालापासून 'आयएनएस बाझ' हा तळ आहे आणि तो वाढला पाहिजे. मात्र या औद्योगिक पट्ट्यातील काही मंडळी जेव्हा म्हणतात की गॅलेथियाचे बंदर झाले की चाकणचा माल स्वस्तात जगभर जाईल, तेव्हा त्यांना नकाशा दाखवावासा वाटतो. चाकणचा माल न्हावा शेव्याहून आणि मुंबईहून जातो. युरोप, आफ्रिका, अमेरिका यांच्या वाटेवर निकोबार नाही. गॅलेथियाचा लाभ झालाच तर तो मुख्यतः पूर्व किनाऱ्याचा आणि शेजारी देशांच्या मालाचा. आमच्या पदरी पडेल ते अतिपूर्वेकडून येणाऱ्या सुट्या भागांच्या मार्गाचे संरक्षण, आणि त्यासाठी आरमार हवे, लाखो वस्तीचे नगर नव्हे.

या नगरासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर अरण्य मोकळे करावयाचे आहे. त्याच्या भरपाईची झाडे हरयाणात लावावयाची, अशी योजना आहे. समुद्राकाठच्या सदाहरित अरण्याची भरपाई अरवलीच्या उतारावर कशी होते, हे आमच्यासारख्या सामान्य बुद्धीच्या माणसास उमगत नाही. पण झाडांपेक्षाही आम्हांस माणसांची काळजी अधिक वाटते. अडीचशेच्या आसपास उरलेले शोंपेन लोक या अरण्यात राहतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ज्या निकोबारी कुटुंबांना किनाऱ्यावरची गावे सोडून छावणीत आणले गेले, ती परत जाऊ देण्याची मागणी करीत आहेत. त्यांच्या परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेली संमती, वस्तुस्थिती कळताच, नोव्हेंबर २०२२ मध्ये परत घेतली. प्रकल्पासंबंधीची काही कागदपत्रे मागणाऱ्यांना संरक्षणाचे कारण सांगून ती नाकारण्यात आली आहेत. तोफा कोठे बसतील, हे गुप्त ठेवावे; त्याला कोणी शहाणा माणूस हरकत घेणार नाही. पण कासवे कोठे अंडी घालतात, भूकंपात जमीन किती खचते आणि कोणत्या गावाची वाट बंद होणार, हे गुप्त ठेवून कोणत्या शत्रूपासून आपण काय लपवितो?

दिएगो गार्सियाचे उदाहरण ताजे आहे. १९६५ साली चागोस बेटे मॉरिशसपासून तोडण्यात आली. १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तेथील सर्व रहिवासी हलविण्यात आले, कारण तळासाठी बेट 'रिकामे' हवे होते. तळ उभा राहिला, चांगला चालला. पण २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनच्या विरुद्ध मत दिले आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनला मॉरिशसचे स्वामित्व मान्य करणारा करार करावा लागला. माणसे हलवून मिळविलेल्या निर्वेधतेला अर्धशतकानेही कायद्याचा आधार मिळाला नाही.

निकोबारच्या बाबतीत आमच्या सरकारने एवढे तरी करावे : परिषदेने संमती का परत घेतली, त्याची उघड सुनावणी कॅम्पबेल बे येथे, निकोबारी भाषेत व्हावी, त्सुनामीपूर्वीच्या गावांच्या सीमा आखून जाहीर कराव्यात, आणि तज्ज्ञांचे अहवाल, सैनिकी भाग वगळून, संसदेपुढे ठेवावेत. आरमारी तळाचा विस्तार आणि नगरवसाहत या दोन गोष्टी एकाच कागदावर बांधून आणल्या आहेत, त्या वेगळ्या कराव्यात. पहिलीला आमचा पाठिंबा आहे. दुसरीचा विचार पुन्हा व्हावा.

याच कॅम्पबेल बेच्या परिसरात १९६९ पासून सरकारने माजी सैनिकांची कुटुंबे नेऊन वसविली. त्यांत पंजाब, केरळ, तमिळनाडूबरोबर महाराष्ट्रातलीही होती. ओसाड टोकावर देशाची वस्ती हवी म्हणून जमीन देऊन त्यांना तेथे बसविण्यात आले. त्यांनी जंगल तोडून नारळ आणि सुपारी लावली, २००४ च्या लाटेत काहींनी घरेदारे आणि माणसे गमावली, तरी उरलेले तेथेच राहिले. आता विमानतळासाठी ज्या वसाहतींच्या जमिनींचे सामाजिक परिणाम तपासण्यात आले, त्या गांधीनगर आणि शास्त्रीनगर याच लोकांच्या. देशासाठी येथे या, असे ज्यांना एकदा सांगितले गेले, त्यांच्या दारी मोजणीदार पुन्हा आले आहेत.